वाचकांचे प्रश्न : नाशिक आर्क्टिक समुद्रात कसं गेलं?

गेल्या अंकात ‘आर’ या संगणकभाषेत नकाशांची माहिती कशी हाताळतात यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर पत्रं आली, आणि बहुतेकांची तक्रार एकच: ‘मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण भलतंच आलं.’ कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे वाक्य कानाला ओळखीचं आहे. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. मागचा अंक ज्यांच्या हातून निसटला त्यांच्यासाठी एवढंच, की रास्टर म्हणजे जमिनीवर टाकलेली चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत एक आकडा. बिंदू, रेघा आणि हद्दी म्हणजे व्हेक्टर. फंक्शनांची नावं देवनागरीत छापायची हा संपादकांचा दंडक. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचीच पत्रं येतील.

प्रश्न : नोकरीत असताना लिहिलेला माझा कोड नव्या लॅपटॉपवर पहिल्याच ओळीला अडतो. ‘आरजीडॅल’ सापडत नाही म्हणतो. (निवृत्त अभियंता, सिन्नर)

उत्तर : ‘आरजीडॅल’, ‘आरजीओस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही नकाशांची तिन्ही पॅकेजं (आरला जोडायचे तयार फंक्शनांचे संच) ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवानिवृत्त झाली, तीही तुमच्यासारखीच आधी रीतसर कळवून. आता हद्दी आणि बिंदूंसाठी एड्झर पेबेस्मा यांचं ‘एसएफ’ आणि रास्टरसाठी रॉबर्ट हायमन्स यांचं ‘टेरा’ घ्या. जुनं ‘रास्टर’ पॅकेजही हायमन्स यांचंच, म्हणून ‘टेरा’त गेल्यावर परक्या घरी आल्यासारखं वाटत नाही. ‘रास्टर’ लिहायचात तिथे ‘रास्ट’, ‘रीड ओजीआर’च्या जागी ‘व्हेक्ट’, ‘एसपी ट्रान्सफॉर्म’च्या जागी ‘प्रोजेक्ट’. एका दुपारचं काम आहे.

प्रश्न : जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांची यादी माझ्याकडे आहे, अक्षांश-रेखांशासह. उंचीच्या रास्टरमधून प्रत्येक केंद्राची उंची काढायची आणि उंची व पाऊस यांचा संबंध तपासायचा, असा माझा प्रकल्प आहे. ‘एक्स्ट्रॅक्ट’ (बिंदूखालच्या चौकटीतला आकडा काढणारं फंक्शन) चालवलं तर सगळ्या केंद्रांपुढे ‘एनए’, म्हणजे आकडाच नाही. मैत्रिणीने सुचवलं म्हणून ‘सीआरएस’ (जागा कोणत्या पद्धतीने मोजली ते) बदलून ईपीएसजी ३२६४३ (अशा पद्धतींच्या यादीतला एक क्रमांक) केला, तरी ‘एनए’च. एरर मात्र एकही नाही. (भूगोलाची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : अगं, एरर आली असती तर बरं झालं असतं. तुझी फाइल उघडून पाहिली. तुझं नाशिक आधी आर्क्टिक समुद्रात गेलं आणि तिथून थेट हिंदी महासागरात.

आधी आर्क्टिकचं सांगते. शाळेपासून आपल्या जिभेवर ‘अक्षांश-रेखांश’ असंच बसलेलं असतं, अक्षांश आधी. तू ‘व्हेक्ट’ला रकाने त्याच क्रमाने दिलेस. ‘टेरा’ आणि ‘एसएफ’ दोघांनाही आधी एक्स लागतो आणि मग वाय, म्हणजे रेखांश आधी. नाशिक साधारण २० उत्तर, ७३.८ पूर्व. उलटं केलंस की ते ७३.८ उत्तर, २० पूर्व होतं. ॲटलास काढून बघ: नॉर्वेच्या टोकाच्याही वर, अस्वल बेट म्हणून एक इवलंसं बेट आहे त्याच्या थोडं दक्षिणेला, खुल्या समुद्रात. तिथे आपलं उंचीचं रास्टर कुठून असणार? आणि अशी जागा पृथ्वीवर खरोखरच आहे, म्हणून संगणकाने हूं की चूं केलं नाही. गुवाहाटीच्या मुलीने हीच चूक केली असती तर निदान शंका तरी आली असती, कारण तिथला रेखांश ९० च्या पुढे आहे आणि ९० च्या वर अक्षांश नसतो. आपण महाराष्ट्रातले लोक नेमके अशा पट्ट्यात राहतो, की उलटा पत्ताही खरा वाटतो.

मग तू क्रम सुधारलास, पण मधल्या काळात मैत्रिणीचा सल्ला येऊन बसला होता. ‘सीआरएस’ला नवं नाव देणं म्हणजे फक्त पाटी बदलणं. आकडे जागचे हलत नाहीत. ७३.८ आणि २० हे अंश होते, तू त्यांच्यावर ‘मीटर’ अशी चिठ्ठी डकवलीस. ईपीएसजी ३२६४३ म्हणजे यूटीएमचा (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीचा) ४३ वा उत्तर पट्टा, ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा, आणि त्याचं माप विषुववृत्तापासून मीटरमध्ये सुरू होतं. त्या मापात नाशिक शहर पूर्वेला सुमारे ३ लाख ७३ हजार आणि उत्तरेला सुमारे २२ लाख १२ हजार मीटरवर येतं. तुझं नाशिक मात्र विषुववृत्ताच्या वीस मीटर वर, मालदीवच्या पश्चिमेला पाण्यात. शिवाय आपला जिल्हा पूर्व-पश्चिम दीड-पावणेदोन अंश आणि दक्षिण-उत्तर सव्वा-दीड अंश पसरलेला आहे. ते अंश मीटर झाले, की इगतपुरीपासून मालेगावपर्यंतची सगळी केंद्रं एका सतरंजीवर मावतात. मी खरंच तो नकाशा छापून फ्रिजवर लावला आहे.

नाशिककराला मोजमाप नवं नाही. गोदेला पूर आला, की आपण आधी विचारतो पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं: कमरेला, छातीला की डोक्यावर. ते माप चालतं, कारण मारुती जागचा हलत नाही. ‘रामकुंड’ अशी पाटी सिडकोतल्या चौकात नेऊन लावली म्हणून तिथे मारुतीही येत नाही आणि गोदावरीही येत नाही. पाटी लावायचं काम ‘सीआरएस’ करतं. जागा मोजून नवे आकडे द्यायचं काम ‘प्रोजेक्ट’ करतं. तेव्हा बिंदू तयार करताना रेखांश आधी, अक्षांश नंतर, पाटी ईपीएसजी ४३२६ ची, म्हणजे साध्या अंशांची, कारण तुझे आकडे खरोखर त्याच पद्धतीचे आहेत. नंतर ‘प्रोजेक्ट’ करून रास्टरच्या पद्धतीत आण. मग ‘प्लॉट’ने रास्टर काढून त्यावर ‘पॉइंट्स’ टाक आणि डोळ्यांनी बघ. इगतपुरीचा ठिपका घाटावर पडला, येवल्याचा पूर्वेला पडला, की पुढे जा. ‘एक्स्ट्रॅक्ट’ला एक सेकंद लागतो, बघायला दहा. ते दहा वाचवू नकोस.

न विचारलेली एक गोष्टही सांगते, कारण तुझ्या गाइड ती विचारणारच. इगतपुरी आणि नाशिक शहर उंचीला जवळपास सारखीच, दोन्ही सहाशे मीटरच्या आसपास. सिन्नर तर जरा वरच. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नरला त्याच्या पाव भागाइतकाही नाही. उंची आणि पाऊस यांचा आलेख काढलास तर भुरभुरलेले ठिपके दिसतील आणि तुला वाटेल पुन्हा काहीतरी चुकलं. चुकलेलं नसेल. वारा पश्चिमेकडून येतो, घाटावर चढताना ओझं उतरवतो आणि पूर्वेला रिकाम्या हाताने जातो. घाटमाथ्याची रेघ काढ, ‘डिस्टन्स’ने प्रत्येक केंद्राचं त्या रेघेपासूनचं अंतर काढ आणि उंचीच्या शेजारी तो रकाना ठेव. प्रकल्पातली खरी गंमत तिथे आहे.

प्रश्न : युरोपीय अवकाश संस्थेचा २०२१ चा जमीनवापराचा दहा मीटरचा नकाशा घेतला आणि उपग्रहचित्राच्या जाळीशी जुळवून घेतला. आता गंगापूर धरणाभोवती ओसाड जमिनीचं अखंड कडं दिसतंय, आणि गंगापूर रोडवरच्या बंगल्यांच्या कडेकडेने गवताळ रानाच्या बारीक पट्ट्या. मी रोज त्या बाजूला फिरायला जातो. तिथे असं काही नाही. (वास्तुविशारद, मखमलाबाद)

उत्तर : तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, नकाशावर नको. त्या नकाशात १० म्हणजे झाडं, ३० म्हणजे गवत, ४० म्हणजे पिकाखालची जमीन, ५० म्हणजे बांधकाम, ६० म्हणजे उघडी किंवा तुरळक वनस्पतींची जमीन आणि ८० म्हणजे पाणी. हे नुसते क्रमांक आहेत, बसच्या नंबरासारखे. पण ‘टेरा’ला ते ठाऊक नसेल, तर जाळी बदलताना तो ‘बायलिनिअर’ पद्धत लावतो, म्हणजे शेजारच्या चार चौकटींची भारित सरासरी घेतो. धरणाच्या काठी एका बाजूला पाणी ८०, दुसऱ्या बाजूला शेत ४०, सरासरी ६०. झाली जमीन ओसाड. बंगला ५०, आवारातला आंबा १०, सरासरी ३०. झाडात घर मिसळलं आणि गवत उगवलं.

तुम्ही फाइल पूर्णांकात जतन केली असणार, त्यामुळे ४७.३ सारखे चुगलखोर आकडे गोल होऊन लपले. पुन्हा करा, ‘मेथड’ म्हणून ‘निअर’ सांगा, म्हणजे सर्वांत जवळच्या चौकटीचाच क्रमांक घेतला जाईल, आणि दोन्ही फाइलींवर ‘फ्रीक’ चालवा, ते कोणता क्रमांक किती वेळा आला ते मोजतं. मूळ नकाशात नसलेला एकही क्रमांक नव्यात दिसता कामा नये. त्याही आधी ‘ॲज फॅक्टर’ने थर वर्गीय करून ठेवला, तर ‘टेरा’ स्वतःहूनच ‘निअर’ निवडतो.

मात्र उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा धरणाकाठी उघडी जमीन खरोखर दिसते, हेही विसरू नका. म्हणून मूळ फाइल उघडून बघा. तिथेही ६० असेल तर ती जमीन, नव्या फाइलीतच असेल तर तो अंकगणिताचा गाळ.

प्रश्न : रात्री काम करून आरची सगळी कार्यजागा जतन केली. सकाळी उघडली तर रास्टरचं नाव दिसतं, पण हात लावला की ‘पॉइंटर’बद्दल काहीतरी बडबडतो. (खासगी कारखान्यातला कर्मचारी, सातपूर)

उत्तर : ‘टेरा’चं रास्टर आरच्या पोटात नसतं. आरकडे असते फक्त टोकनची पावती, सामान कपाटात. रात्री दुकान बंद झालं, सकाळी पावती उरली, कपाट गेलं. ‘राइट रास्टर’ने टिफ फाइल करून ठेवत चला. एवढ्याने भागतं.

प्रश्न : आमची दोन एकर थॉमसन आहे. मुलाने आर शिकून सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं घेतली आणि बागेचा सरासरी एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) काढला. २०२१ च्या फेब्रुवारीत होता त्यापेक्षा नंतरच्या सगळ्या वर्षांत तो एकदम खाली. बाग तर चांगली आहे, माल एक्स्पोर्टला गेला. मुलगा म्हणतो वेली म्हाताऱ्या झाल्या, मी म्हणतो संगणक म्हातारा झाला. (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : दादा, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हीच चूक मी स्वतः चारचौघांत केली आहे.

२०२२ च्या मार्चमध्ये निफाड तालुक्यातल्या काही बागायतदारांनी मला बोलावलं होतं. एका समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला, मागच्या वर्षीचा आणि त्या वर्षीचा फेब्रुवारी शेजारी शेजारी दाखवला आणि सांगितलं, की परिसरातल्या वेलींचा जोम सरसकट घटला आहे. अवकाळी पावसाचं निमित्त डोक्यात होतंच. लोक गंभीर झाले. एकाने औषधांचं वेळापत्रकसुद्धा विचारलं. घरी आले आणि सहज नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर नजर गेली. पाणवेलीचा भाग सोडून मोकळ्या पाण्याचा तुकडा घेतला, तर त्या पाण्याचा एनडीव्हीआय मागच्या वर्षीपेक्षा वाढलेला! वेली वाळतात आणि त्याच वर्षी पाणी हिरवं होतं, हे काही जमेना.

कारण असं. सेंटिनेल-२ च्या चित्रात प्रत्येक चौकटीला परावर्तनाचा आकडा दहा हजाराने गुणून ठेवलेला असतो. २५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेने तयार होणाऱ्या चित्रांत त्या आकड्यात आणखी १००० मिळवले जाऊ लागले. अगदी काळ्या जागी आकडा शून्याखाली जाऊन छाटला जाऊ नये म्हणून ही सोय. ते हजार आपण वजा करायचे असतात. मी केले नव्हते. तुमच्या मुलानेही केलेले दिसत नाहीत.

आता हाताने करून बघा. चांगल्या वेलीचा लाल पट्ट्यातला आकडा ६०० आणि जवळच्या अवरक्ताचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) ३६०० धरा. वजाबाकी ३०००, बेरीज ४२००, भागाकार ०.७१. आता दोन्हींत हजार मिळवा: १६०० आणि ४६००. वजाबाकी तीच ३०००, पण बेरीज झाली ६२००, आणि भागाकार ०.४८. वेल तीच, पान तेच, जोम मात्र तिसऱ्या हिश्श्याने गेला. पाण्याचं उलटं होतं. लाल ३००, अवरक्त १०० असेल तर उणे ०.५. हजार मिळवले की उणे ०.०८. म्हणजे सगळंच शून्याकडे सरकतं, हिरवं खाली येतं आणि पाणी वर जातं.

म्हणून मुलाला सांगा, चित्राच्या लांबलचक फाइलनावात ‘एन’ अक्षरापुढे चार आकडे असतात ते बघ. ०४०० किंवा त्यापुढचे असतील, तर एनडीव्हीआय काढण्याआधी दोन्ही थरांतून १००० वजा. फक्त चित्राच्या तारखेवर जाऊ नका, जुन्या तारखांची चित्रंही नंतर नव्या प्रक्रियेतून पुन्हा काढली गेली आहेत. काही ठिकाणी ही वजाबाकी आधीच करून चित्र मिळतं. तिथे पुन्हा हजार काढले तर पाणी वेड्यासारखे आकडे देईल, आणि त्यावरूनच ते कळेल. दर वेळी बागेसोबत धरणाचा एक तुकडा मोजायचा, अशी सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे. ढग लागले तर सोबतच्या वर्गीकरणाच्या थरातले ३, ८, ९ आणि १० हे ढगांचे आणि त्यांच्या सावलीचे क्रमांक गाळा. तो थर वीस मीटरचा आहे, दहाला आणताना ‘निअर’. वरच्या वास्तुविशारदांचं पत्र वाचलंत ना?

आता क्षेत्राकडे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. सेंटिनेल-२ ची चौकट दहा बाय दहा मीटर, म्हणजे नेमकी एक आर. भाषेचं नावही आर, हा योगायोग मला फार आवडतो. तुमची दोन एकर म्हणजे जवळपास ८१ आर, ८१ चौकटी. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एका चौकटीत वेली तेवीस-चोवीस, आणि एकेका वेलीचं दुखणं त्यात दिसणार नाही. केवडा रोग एका कोपऱ्यातून सुरू झाला, तर उपग्रहाच्या आधी तुम्हालाच दिसेल.

बाग नव्वद मीटर चौरस आहे असं धरलं, तर त्या ८१ पैकी ३२ चौकटी कडेच्या. त्यांत बांध, शेजाऱ्याचा कांदा, शेततळ्याचा कागद, गाडीवाट असं काहीही घुसतं. म्हणून हद्दीचा बहुभुज ‘बफर’ने उणे दहा मीटर आत घ्या. उरतात सत्तर बाय सत्तर मीटर, ४९ चौकटी, सगळ्या तुमच्याच. मात्र बफर यूटीएममध्ये घ्या, अंशांत नको. बाग लांबट आणि अरुंद असेल आणि आत काहीच उरणार नसेल, तर ‘एक्स्ट्रॅक्ट’मध्ये ‘एक्झॅक्ट’ लावा, म्हणजे चौकटीचा जेवढा हिस्सा हद्दीत तेवढंच वजन. गाव नकाशावरून हद्द काढली असेल तर ती आधी चित्रावर टाकून बघा. कागदी नकाशा बसवताना बांध एखाददुसरी चौकट सरकतो, आणि मग तुम्ही शेजाऱ्याच्या बागेची काळजी करत बसता.

राहिली छाटणी. फेब्रुवारी आणि फेब्रुवारीची तुलना कॅलेंडरला पटते, वेलीला नाही. एका वर्षी गोडी (फळांसाठीची) छाटणी सप्टेंबरच्या शेवटी झाली आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या विसाला, तर फेब्रुवारीच्या त्याच तारखेला एक बाग काढणीला आलेली असते आणि दुसरी अजून पाणी भरत असते. मध्ये एखाद्या वर्षी प्लास्टिकचं आच्छादन टाकलं असेल, तर उपग्रह पानं नाही, कागद मोजतो. ती वर्षं बाजूला काढा. छाटणीपासून किती दिवस झाले हा आडवा अक्ष घ्या आणि दर वर्षाची एक रेघ काढा.

त्यासाठी मला प्रत्येक वर्षाची छाटणीची तारीख लागेल. फवारणीच्या वहीत पहिल्या पानावर असेलच. मुलाला फोटो काढून पाठवायला सांगा, हद्दीची फाइल माझ्याकडे आलेलीच आहे.